शेवटच्या पानावरची साल

लाइट गेली तशी गल्लीतल्या कूलरांची घरघर एकदम थांबली आणि पोरं गाद्या उचलून गच्चीवर आली. मारोतराव आधीच कठड्याला टेकून बसले होते.

"काका, भुताची सांगा ना," हर्षित म्हणाला.

"भूत-बित मले माहीत नाही. दुर्गेशसंग जे झालं ते सांगतो. त्यानं माझा हात धरून सांगितलेलं आहे. मधात कोणी बोलायचं नाही."

गेल्या वर्षीची बुद्धपौर्णिमा. सोमवार होता. ऊन कललं तसा दुर्गेश मोटारसायकल काढून सावनेरला निघाला. काम साधंच. मित्र संघपाल थंडीत वारला होता आणि त्याच्याकडे राहिलेली पुस्तकं परत आणायची होती.

दुर्गेश राहतो जरीपटक्याला. परदेशात शिकून आलेला. वस्तीत वाचनालय काढायचं, हे त्याचं वेड. दर दसऱ्याला दीक्षाभूमीवरच्या स्टॉलांवरून पोतंभर पुस्तकं आणायचा. वर्षभर येणारी पार्सलं वेगळी. घरातली एक भिंत पार छतापर्यंत पुस्तकांनी भरली होती. वाचन मात्र विसाव्या-पंचविसाव्या पानावर अडायचं. तोवर दारात नवं पार्सल.

वाचायचा तो संघपाल. नवं पुस्तक आलं की पहिल्यांदा तोच न्यायचा आणि आठवड्यात परत आणायचा. खूण म्हणून पानात संत्र्याची साल ठेवायची त्याची सवय. शेवटच्या पानावर साल सापडली, म्हणजे पुस्तक वाचून झालं. मग चहा घेत तो आणि दीप्ती, दुर्गेशची बायको, त्यावर तासभर भांडत बसायचे. दीप्ती खळखळून हसायची. दुर्गेश आपल्याच घरात पाहुण्यासारखा कोपऱ्यात.

"काहून गा, गप्प काहून? शेवट सांगू का?" संघपाल डिवचायचा.

ते हसणं दुर्गेशच्या काळजात रुतायचं. पुस्तकं त्याची, घर त्याचं, बायको त्याची. आणि गोष्ट मात्र प्रत्येक वेळी दुसऱ्याची झालेली.

म्हणून एक जाडजूड कादंबरी आली तेव्हा त्यानं ती दिलीच नाही. "हे आधी मी वाचीन," म्हणाला. वरचं प्लास्टिकही काढलं नाही. मग संघपालला कावीळ झाली. दवाखान्यातून त्याचा फोन आला, "ते जाड पुस्तक पाठव ना गा. इथं पडून पडून जीव कंटाळून राहिला." दुर्गेश हो म्हणाला. पाठवलं नाही. दीप्तीलाही सांगितलं नाही. त्याच आठवड्यात संघपाल गेला.

तर सावनेरला संघपालच्या आईनं, बायजाबाईनं, पौर्णिमेची खीर त्याच्या हातात दिली. पुस्तकांचं पोतं बांधून तयारच होतं.

"जाताना एकच बोलत होता पोरगा," म्हातारी म्हणाली. "म्हणे, एक राहिलं. काय राहिलं असन बापा? तुले माहीत आहे काय?"

दुर्गेशनं खिरीची वाटी खाली ठेवली.

"नाही मावशी."

तो घरी पोचला तेव्हा दीप्ती झोपायच्या तयारीत होती.

"आणली का पुस्तकं? अन् ऐका ना, पाटीवाल्याले नाव सांगून आली मी आज. संघपाल वाचनालय."

"पैसे माझे, मेहनत माझी, अन् नाव त्याचं?"

"तुम्ही घेतली, पण वाचली कोणं?" ती सहज बोलून आत गेली.

दुर्गेश पुस्तकांच्या खोलीत येऊन बसला. डोकं तापलं होतं. त्यानं ते जाड पुस्तक ओढून काढलं. हे एक तरी. हे एक मी त्याच्या आधी वाचणार. आता तर तो आडवाही येऊ शकत नाही.

एवढा विचार मनात आला आणि लाइट गेली.

पंखा थांबला. खिडकीतून चांदणं आत आलं. पुस्तक मांडीवर. प्लास्टिक फाडायला त्यानं नख लावलं.

संत्र्याचा वास आला.

मे महिना. बाजारात संत्रं औषधालाही नाही. पोत्यातल्या वाळक्या साली असतील… पण हा वास ओला होता. आत्ताच कोणी सोललं असावं असा.

मग आवाज आला.

सर्र.

पान उलटल्याचा.

त्यानं पोत्याकडे पाहिलं. पोतं बांधलेलं. भिंतीकडे पाहिलं. सगळं जागच्या जागी.

सर्र.

आवाज मांडीवरून येत होता.

बंद पुस्तक. वर घट्ट प्लास्टिक. आणि आत… हाताला कळत होतं. एक पान. थोडा वेळ काहीच नाही. मग दुसरं. कोणी मन लावून वाचावं, तसं.

"माझं आहे हे!" तो ओरडला. "मी आणलं! आधी मी वाचणार!"

पान थांबलं.

खोलीत काहीच हललं नाही…

मग सर्र. सर्र. सर्र. भराभर. शेवटाकडे.

त्याला पुस्तक फेकता येईना. बोटंच सुटत नव्हती. पानं संपत आली हे त्याला कळलं. संपल्यावर काय ऐकू येणार, तेही कळलं. तोच आवाज. तोच प्रश्न, शेवट सांगू का. त्यानं डोळे गच्च मिटले.

शेवटचं पान उलटलं.

आणि…

काहीच नाही.

पहाटे दीप्ती आली तेव्हा तो तसाच बसलेला. तिनं हातातलं पुस्तक सोडवून घेतलं, उलटंपालटं करून पाहिलं. प्लास्टिकला कुठं चीर नाही.

"एवढं नवंकोरं ठेवलं कोणासाठी?"

तिनं कात्रीनं प्लास्टिक कापलं आणि सवयीनं थेट शेवटचं पान उघडलं.

मारोतराव थांबले.

"मग?" हर्षितचा आवाज बारीक झाला होता.

"मग काय गा. पानावर साल होती. ओली. दीप्तीच्या बोटाले रस लागला."