पुसलेलं वाक्य

शलाका बिडकरनं वाळवंडी गावाच्या पूर-आराखड्यातलं नकाशाचं वर्णन पुसलं, बाणाची कळ दाबून ती पुन्हा त्याच जागी आली आणि ऐकू लागली.

"नकाशा. पूरनिवारा पुलापलीकडच्या शाळेत," कानातला आवाज म्हणाला.

वर्णन अर्धवट लिहिलेलं होतं, म्हणून तिला ते नव्यानं लिहायचं होतं. तिनं पुन्हा पुसलं. आवाज पुन्हा तेच म्हणाला, फक्त या खेपेला 'शाळेत'ऐवजी 'विद्यालयात'.

शलाका जन्मांध होती आणि सुलभवाचन केंद्राची मुख्य संपादक होती. सरकारी कागद अंधांना वाचता येतील असे करणं हे तिचं काम. लोक शीर्षक म्हणून नुसती ठळक अक्षरं टाकत. डोळ्यांना ते शीर्षक दिसे, पण स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रणालीला, ते साधंच वाक्य वाटे. कुणी स्पेस दाबत दाबत तक्ता उभा करी, कुणी नकाशा नुसताच चिकटवून मोकळा होई. असल्या चुका शलाका कानानं हुडकून काढी. तिच्या हाताखालून गेलेला कागद कुणीही डोळे मिटून वाचावा, असं कार्यालयात गमतीनं म्हणत.

मग 'पूरकवाचन' आलं. कागदात पोकळी दिसली की ही नवी प्रणाली थांबत नसे. आजूबाजूचा मजकूर आणि पूर्वी वाचलेले लाखो कागद यांवरून तिथं काय असायला हवं याचा अंदाज बांधी आणि ते सहज बोलून टाकी. मोडकातोडका कागदही ऐकायला गुळगुळीत झाला. अंध वाचक खूष होते. शलाकालाही वाटलं होतं की लोक अखेर नीट लिहायला शिकले.

आज तिनं स्वतः पुसलेलं वाक्य तिला ऐकू येत होतं.

तिनं पूरकवाचन घडवणाऱ्या डॉ. हर्षल मोकाशींना फोन लावला आणि वाळवंडीचा तो आराखडा पाठवून दिला.

"डॉक्टर, तुम्हाला दिसतंय ते सांगा. निवारा कुठं आहे?"

"पुलाच्या अलीकडे. टेकडीवरच्या शाळेत."

"तुमची प्रणाली पलीकडे सांगतेय."

मोकाशींनी नकाशा पुन्हा पाहिला. "गावात दोन शाळा दिसताहेत. पलीकडची मोठी आहे. बहुतेक गावांत निवारा मोठ्या शाळेत असतो, म्हणून तिनं..."

"आणि पूर आला की वाळवंडीतला आंधळा माणूस पुलाकडे चालू लागेल."

"शलाकाताई, तिचा अंदाज फार क्वचित चुकतो हो."

"तेच तर वाईट आहे. रोज चुकली असती तर तिच्यावर कुणी विसंबलं नसतं."

"मग बंद करू म्हणता?"

"नाही. 'चित्र, चित्र, रिकामा चौकोन' असं ऐकण्यात माझी उमेदीची वर्षं गेलीत. अंदाज बांधू दे तिला. पण दुसऱ्या आवाजात. लिहिलेलं एका आवाजात, अंदाज दुसऱ्या."

"ऐकणं फार तुटक होईल."

"कागद तुटकच आहे. तो तसा कळला तर मी सांधीन ना!"

मोकाशींनी खळखळ केली, पण शेवटी ऐकलं. शलाकानं नकाशाखाली स्वच्छ लिहिलं : 'निवारा पुलाच्या अलीकडे, टेकडीवरच्या शाळेत. पूल ओलांडू नये.' त्या पावसाळ्यात वाळवंडीचा पूल पाण्याखाली गेला, तेव्हा गावातली अंध माणसं टेकडीवर सुखरूप होती. बातमी ऐकून शलाकानं अख्ख्या कार्यालयाला जिलबी खिलवली.

दोन आवाजांचं वाचन सगळीकडे सुरू झालं. त्यानंतर थोड्याच दिवसांनी मिरजेहून सलीम मुल्ला या अंध शिक्षकांचा फोन आला. ते शाळेत भूगोल शिकवत.

"मॅडम, तो दुसरा आवाज काढायचा कसा?"

"म्हणजे अंदाज ऐकायचेच नाहीत तुम्हाला?"

"तसं नव्हे. दोन्ही आवाज पूर्वीसारखे एक करायचेत. वर्गात पुस्तक लावलं की पानोपानी आवाज बदलतो. पोरं विचारतात, सर, यातलं खरं कुठलं? आजवर मी हे सगळं खरं म्हणूनच शिकवत आलोय हो."

"सर, पुस्तक माझ्याकडे पाठवा. एकेक नकाशा तपासून देते."

"पाठवतो की. पण उद्याचा तास आहे ना! माझ्या ओळखीतल्या बहुतेकांनी एकच आवाज करून घेतलाय. मलाच तेवढं जमत नाही."

ऐकणाऱ्याला काय ऐकायचं ते त्यानं ठरवावं, यासाठी शलाका आयुष्यभर भांडली होती. तिनं कळा सांगितल्या. मुल्ला सरांनी त्या दाबल्या, आणि खात्री करायला फोनजवळच पुस्तक लावलं.

नद्या, घाट, पठारं. एकच गोड, अस्खलित आवाज. शलाकानं सारा जीव कानांत आणून ऐकलं. लिहिलेलं कुठं संपतं आणि अंदाज कुठं सुरू होतो, ते तिलाही कळेना.

"झ्याक झालं बघा!" मुल्ला सर म्हणाले.