धाकटीचा दगड

बसा निवांत. खांदा शेकता शेकता सांगतो. मला आता कसलीच घाई उरलेली नाही.

आमच्याकडच्या दोन देवळांतल्या देवी सख्ख्या बहिणी. वर्षातून एकदा थोरली मधलीकडे मुक्कामाला जाते. भेट बहिणीबहिणींची आणि खांदे मोडतात आमचे, असं आम्ही पालखीवाले म्हणायचो. तिला पोचवलं की रिकामी पालखी आम्ही चौघे त्याच दिवशी परत आणतो.

तिसरी, धाकटी. तिला देऊळ नाही. तिघी पहिल्यांदा निघाल्या तेव्हा ती सारखी विचारायची, "अजून किती लांब?" शेवटी चढावरच्या एका दगडावर बसली. थोरली म्हणाली, "बस इथंच, येते परत न्यायला." गेली ती गेलीच. म्हणून त्या चढावर पालखी टेकवायची नाही. चालता चालताच खांदा बदलायचा, आणि मागे बघायचं नाही.

त्या वर्षी दादाची छाती बरी नव्हती. पण खांदा द्यायचा हट्ट सोडेना. वहिनीनं मला उंबऱ्यातच गाठलं. "भावजी, त्यांना घेऊनच या." मी हो म्हणालो.

परतताना भर दुपार झाली. पान हलत नव्हतं. दादा दांडीला पुढे, मी त्याच्या मागे. नेमका त्या चढावर त्याचा श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. मीच म्हणालो, "टेकवा." कुणी वाद घातला नाही, सगळ्यांचाच जीव मेटाकुटीला आला होता. बाकीचे दोघे सावलीत डोळे मिटून पडले. दादा दगडावर बसला.

"तू हो पुढे... मी येतोच."

"गप बस. पाणी आणतो."

वळणावरच्या झऱ्यावरून पाणी घेऊन आलो, तर दादा दांडीपाशी उभा. श्वास अगदी शांत. पाण्याला त्याने हात लावला नाही. त्याचं उपरणं दगडावर घडी घालून ठेवलेलं होतं. मी उचलायला वाकलो.

"राहू दे," तो हळूच म्हणाला. "बसायला लागेल."

"कुणाला?"

त्यानं दांडी खांद्यावर घेतली. उन्हात माझ्या अंगावर काटा आला. पण खरं सांगू? मी इतका दमलो होतो, की तो चालतोय एवढंच मला पुरे होतं.

घरी वहिनी रडली, हसली. डॉक्टर म्हणाले, छाती ठणठणीत आहे. महिन्याभरानं मात्र ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "भावजी, हे झोपेत एकच विचारतात... अजून किती लांब?"

मी तिला म्हणालो, थकवा असेल.

पुढच्या वर्षी पुन्हा तोच चढ, तीच रिकामी पालखी. दगड मागे पडला, तेवढ्यात पाठीमागून आवाज आला. धाप लागलेला, शिट्टीसारखा वाजणारा श्वास. आईच्या पोटात असल्यापासून ओळखीचा आवाज.

"अरे... न्यायला आलास ना?"

माझे पाय थबकले. मान वळवायची नव्हती. समोर दांडीला दादा होता. त्यानंही मागे बघितलं नाही, फक्त खांदा बदलला.

"चल," म्हणाला. "आता लांब नाही."

घरी वहिनी दारात उभी असणार होती. मी चालत राहिलो.