दुकानात शिरलेली होडी

वादळाचं पाणी ओसरलं, तेव्हा तिच्या शिडं शिवायच्या दुकानात एक होडी बसली होती. ऐटीत, रुसलेल्या जावयासारखी.

शिवणयंत्र चिखलात आडवं. ती ते उचलत होती, तेवढ्यात अर्धवट बुजलेल्या दारातून एक माणूस वाकून आत आला.

“माझी आहे,” तो होडीवाला म्हणाला.

“मग न्या की. मी काय बोलावली होती?”

न्यायची कुठून? होडीमागोमाग शेजारच्या घराचा जिना दारात कोसळला होता. तो ढिगारा उपसला असता, तर ते घरच अंगावर आलं असतं. राहिली मागची भिंत. तिच्यापलीकडे धक्का आणि पाणी. पण दुकानात धड उरलेली तेवढीच.

“भिंतीकडे बघायचंसुद्धा नाही,” ती म्हणाली.

“मी होडीकडे बघत होतो.”

“होडी तिकडे आहे...”

त्याचे कान लाल झाले.

मग तो रोज येऊ लागला. चिखल उपसला, यंत्राला तेल घातलं. वरच्या खोलीतून तिची आत्या विचारायची, “होडी काय पळून जाते का रे, रोज बघायला येतोस ती?”

“होडी नाही जात, आत्या, पण—” एवढं बोलून पुढचं तो गिळायचा. ती खाली मान घालून ओलं कापड पिळत राहायची, पिळून झालेलंसुद्धा.

साहेब लोकही येऊन गेले. नाकाला रुमाल लावून फोटो काढले. प्यायला घोटभर पाणी द्यायची बुद्धी एकालाही झाली नाही. हुकूम मात्र दिला: शनिवारपर्यंत होड्या हलवा, नाहीतर तोडून भंगारात. ज्याचं पोट होडीवर, त्याच्या तोंडावर होडीला कचरा म्हणायचं, याला निगरगट्टपणा लागतो. तो त्यांच्याकडे पोत्यानं होता.

शुक्रवारी दुपारी करवतीचा आवाज आला. ती धावत खाली आली. होडीची वरची फळी अर्धी कापून झाली होती.

“काय करतोयस?”

“तुकडे दारातून निघतील.”

“आणि खाशील काय?”

“दुसऱ्याच्या होडीवर राबेन.”

“भिंत का मागितली नाहीस?”

तो करवतीच्या दात्यांकडे बघत राहिला. “तुमचं एवढंच उरलंय... ते कसं मागू?”

तिने कोपऱ्यातली पहार उचलली आणि पहिला घाव स्वतः घातला. वीट निखळली. भोकातून उन्हाची तिरीप ओल्या शिडावर पडली.

“बघतोस काय? हात लाव.”

“वरची तुळई तेवढी सांभाळून—”

“ती तू सांभाळ.”

संध्याकाळी सगळी गल्ली दोराला लागली आणि होडी पाण्यात उतरली.

सकाळी तो विटांची पाटी घेऊन हजर. ती भगदाडात उभी होती. समोरच त्याची होडी बांधलेली.

“सगळं बुजवू नकोस,” ती म्हणाली. “दार ठेव.”

“पाण्याकडे? परत पाणी आलं तर?”

“ते भिंत बघून थांबलं होतं का?”

“पण दार... कुणासाठी?”

“रोज त्या ढिगाऱ्यातून वाकून येतोस. एखाद्या दिवशी मान मोडेल.”

“रोज... म्हणजे किती दिवस?”

ती विटांकडे बघत हसली. वरून आत्याचा आवाज आला, “अरे ठोंब्या, ती हो म्हणतेय. पाटी खाली ठेव आधी.”

त्याने पाटी खाली ठेवली.