उजवीकडची सीट

आयर्लंडात गावाकडच्या रस्त्यांवर एक रीत आहे. समोरून गाडी आली की ड्रायव्हर स्टिअरिंगवरनं एक बोट उचलतो. ओळख असो, नसो. हात हलवायचा नाही, हसायचं नाही, नुसतं बोट. पोर्टलीशच्या हॉस्पिटलात भूल देणारा डॉक्टर चंद्रहास तिकडं राहायला गेला, आणि महिन्याभरात त्याचंही बोट आपोआप वर जायला लागलं.

मग त्यानं ती गाडी घेतली. डॉज चार्जर, एकोणसत्तरची. लांबलचक, गडद हिरवी, दोनच दारं. अमेरिकेतनं आलेली, म्हणून स्टिअरिंग डावीकडं. आयर्लंडात तर आपल्यासारखंच सगळे उजवीकडं बसून चालवतात.

"ही लावायला शेजाऱ्याचं शेत मागावं लागेल," त्याची बायको कौमुदी म्हणाली.

लेकीला, उल्काला, गाडीपेक्षा गाडीची गोष्ट प्यारी. पोरगी अकरा वर्षांची, मराठी सगळं कळायचं, बोलायची मात्र तिथल्या इंग्रजीत. रात्री झोपताना "बाबा, थ्री ब्रदर्स" म्हणायची. चंद्रहास आधी घसा खाकरायचा, मग सुरू.

"तीन भाऊ होते. थोरला अडुसष्टचा. त्याच्या तोंडावरची जाळी या कानापासून त्या कानापर्यंत सलग, मागं चार गोल लाल दिवे. मधला एकोणसत्तरचा. त्याच्या जाळीला मधोमध नाक आलं, मागचे दिवे लांबट झाले. धाकटा सत्तरचा, भलता नटवा. त्यानं तोंडाभोवती क्रोमचे ओठ बसवून घेतले. पण तिघंही डोळे मिटून झोपायचे, कारण हेडलाइटवर झाकणं होती. एकाहत्तरला घराण्याचा चेहराच बदलला. आणि आपला मधला कुठं आहे?"

"इन अवर ड्राइव्हवे," म्हणत उल्का झोपायची.

पहिले काही दिवस मजेत गेले. समोरचे लोक बोट उचलायचे, पण बघायचे उजवीकडच्या रिकाम्या सीटकडं. ड्रायव्हर तिथंच असायचा, ही त्यांची सवय. चंद्रहास डावीकडनं बोट दाखवायचा, ते कुणाला दिसायचंच नाही. हॉस्पिटलात त्यानं हे हसत हसत सांगितलंही.

मग एका सकाळी पलीकडच्या शेतातला म्हातारा डिलेनी फाटकाशी थांबला.

"स्टिअरिंग बदलून घेतलंस वाटतं. बरं केलंस."

"नाही बुवा. डावीकडंच आहे."

"काल उजवीकडं बसला होतास की. मी बोट उचललं, तूही उचललंस."

चंद्रहासनं हसत दार उघडून स्टिअरिंग दाखवलं. डिलेनी त्याच्याकडं बघत राहिला. मग पलीकडच्या सीटकडं बघितलं. "ग्रँड," म्हणजे ठीक आहे, एवढंच म्हणाला आणि निघाला. चहाला थांब म्हटलं तर थांबला नाही. हा माणूस चहाला कधी नाही म्हणायचा नाही.

त्यानंतर मोटरवेवरचा टोलनाका. तिथली खिडकी उजवीकडं, त्यामुळं चंद्रहासला दर वेळी सीटवरनं सरपटत जाऊन पैसे द्यावे लागायचे. त्या दिवशी तो पट्टा सोडत होता, तेवढ्यात आतली बाई रिकाम्या सीटकडं बघून म्हणाली, "थँक्स, लव्ह." दांडा वर गेला. मागच्यानं हॉर्न मारला. चंद्रहास निघाला. पुढं थांबून मूठ उघडली तर नाणी मुठीतच.

घरी आला तेव्हा कौमुदी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होती.

"किती झोकात वळवलीस रे," ती म्हणाली. "मान बाहेर काढून, एका हातानं."

"कुठल्या बाजूनं काढली मान?"

"या बाजूनं. उजवीकडनं." आणि तिनं ओट्यावरचं फडकं उचललं, परत ठेवलं.

"आणि डावीकडं कोण होतं, कौमुदी?"

"कुणी नव्हतं."

त्या दिवसापासनं त्याला एका जागी बसवेना. जेवता जेवता उठून गाडीपाशी जायचा. एकदा दोन्ही सीटांवर हात ठेवून बघितला. थंडी मरणाची. नुकताच तो ज्या सीटवरनं उतरला होता ती बर्फासारखी गार, तिच्यावर बसल्याचा ठसासुद्धा नाही. उजवीकडची मात्र दबलेली होती. आणि कोमट.

गाडी विकायची ठरली. ड्रोहेडाचं एक गिऱ्हाईक शनिवारी येणार होतं. तोवर उल्कानं गाडीला हातही लावायचा नाही, हे त्यानं बजावून सांगितलं. पोरगी रुसली. एकदा तरी बाबाशेजारी बसायचं तिच्या फार मनात होतं.

"तुला सांगता येत नाही, पण नको," तो म्हणाला. आपलं काय व्हायचं ते होवो, पोरीला त्यात ओढायचं नाही, एवढंच त्याच्या डोक्यात.

गुरुवारी वादळ आलं. शाळेचा मेसेज आला, ऑरेंज वॉर्निंग आहे, मुलांना दुपारीच घेऊन जा. घरची साधी गाडी कौमुदी सँडीफोर्डला ऑफिसला घेऊन गेलेली. टॅक्सी मिळेना. डिलेनी फोन उचलेना. उल्काच्या मैत्रिणींच्या आया केव्हाच निघून गेलेल्या. शेवटी त्यानं चार्जरची किल्ली घेतली. पोरीला मागं बसवायचं, उजव्या सीटशी जाऊ द्यायचं नाही, असं मनाशी घोकत निघाला.

झाडं वाकत होती. वायपर पाण्याला पुरे पडत नव्हते. समोरनं गाड्या येत होत्या आणि एकेक बोट उचललं जात होतं. त्यानं अख्खा हात हलवला. हॉर्न मारला. काच खाली करून ओरडला.

सगळ्यांच्या नजरा उजवीकडंच.

शाळेच्या दाराशी उल्का एकटीच उभी होती. गाडी दिसली तशी दप्तर डोक्यावर धरून धावत सुटली.

"थांब उल्का, मी उतरतो," तो म्हणाला. पट्ट्याचं बक्कल निघेना.

जन्मापासनं ती गाडीत डावीकडनंच चढत आलेली. सवयीनं तिनं डावीकडचं दार उघडलं. त्याचं दार.

वारा आत घुसला.

"हाय, बाबा," ती त्याच्या खांद्यावरनं पलीकडं बघत म्हणाली. चेहरा उजळला होता तिचा.

दप्तर त्याच्या पायांवर टाकलं. त्याला लागलं नाही.

मग ती बसली.

तिचे ओले केस त्याच्या तोंडासमोर आले. ओल्या स्वेटरचा वास आला. वजन मात्र काहीच नाही.

दार लागलं. गाडी हलली.

"बाबा, थ्री ब्रदर्स," उल्का म्हणाली.

चंद्रहासनं सांगायला तोंड उघडलं.

उजवीकडं कुणीतरी घसा खाकरला.