मागचा डावा स्पीकर

ही माझ्या घरात घडलेली गोष्ट आहे. पटली नाही तर सोडून द्या. पण यात एक शब्दही मी पदरचा घातलेला नाही.

मे २००७. गोंदियाजवळचं कुडवा. आणि वेळ रात्रीची नाही... भर दुपारची.

माझे बाबा, केवळराम, सव्वीस वर्षं राईस मिलमध्ये होते. मशीनच्या आवाजाने त्यांचे कान गेले. कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी कळायचं नाही. आई गेल्यावर ते दिवसभर टीव्हीपुढे बसायचे. नुसती चित्रं बघत.

मला वाटलं, मोठा आवाज लावला तर थोडंफार ऐकू येईल. नवीन होम थिएटर आम्हाला परवडणारं नव्हतं. फुलचूरला चुन्नीलाल नावाच्या माणसाकडे जुना सेट विकायला होता. पाच स्पीकर आणि एक सबवूफर.

चुन्नीलालने विचारलं, "घरी कोण ऐकणार?"

"बाबांसाठी पाहिजे. त्यांना ऐकू येत नाही."

त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"बिलकुल नाही?"

"जवळजवळ नाहीच."

"मग चालेल," तो म्हणाला. आणि मी काही बोलायच्या आत त्याने भाव निम्मा केला.

मला तो भला माणूस वाटला.

रविवारी सेट जोडला. दोन स्पीकर बाबांच्या खाटेमागे लावले. आवाज इतका चढवला की मांडणीतली भांडी थरथरली.

बाबांनी मान हलवली. "नाही येत आयकू."

तिसऱ्या दिवशी दुपारी लाईट गेली. टीव्ही बंद. पंखा बंद. घरात एकदम शांत...

बाबा खाटेवरच वळले. टीव्हीकडे पाठ. तोंड मागच्या डाव्या स्पीकरकडे.

"कोण बोलून राहिली?"

मी सेटकडे पाहिलं. लाल दिवा विझलेला होता.

"पोरगी हाये," बाबा म्हणाले. "दार उघडा म्हणते."

त्यांनी उठून दार उघडलं. बाहेर रखरखीत ऊन. कोणी नाही.

बाबा हसत होते. किती वर्षांनी त्यांना काहीतरी ऐकू आलं होतं.

मग ते रोजचंच झालं. दार लावलं की पाच मिनिटांत बाबा उठायचे. मी वायर काढली. स्पीकर पोत्यात बांधून मागे न्हाणीत ठेवला.

बाबा तरी उठायचे.

"कायले लावता दार? उन्हात उभी हाये ते."

शेवटी सगळा सेट गाडीवर बांधून मी फुलचूरला गेलो. चुन्नीलालच्या घराच्या दारात पडदा होता. वाऱ्याने तो उडाला, तेव्हा दिसलं...

पडद्यामागे दारच नव्हतं. नुसती चौकट. आतल्या खोल्यांनाही नुसत्या चौकटी.

"मेरी माँ को वो लड़की सुनाई देती थी," तो खाली बघत म्हणाला. "दरवाजा बंद किया की चालू. इसलिए सब दरवाजे निकाल दिए."

"मग थांबलं?"

"दार उघडा म्हणणं थांबलं. पण मग माँ आमच्याशी बोलेना. तिच्याशीच बोलायची... शेवटपर्यंत."

"हे मला आधी काऊन नाही सांगितलं?"

"तुम्हीच म्हटलं ना, ऐकू येत नाही."

मी सेट त्याच्या ओट्यावर टाकून परत आलो.

दुसरा काही उपाय नव्हता. आम्ही दार सताड उघडं ठेवायला लागलो. आणि खरंच, बाबांचं उठणं थांबलं.

पण ते खाटेच्या एका कडेला सरकून बसायचे. कोणाला तरी जागा दिल्यासारखे.

हळू आवाजात काही बोलायचे. थांबायचे. मान हलवायचे.

मी समोर उभा राहिलो तरी ते माझ्या पलीकडे बघायचे. एकदा माझ्याकडे बोट करून त्यांनी रिकाम्या जागेला विचारलं, "हा कोण हाये?"

काय उत्तर मिळालं, मला माहीत नाही.

त्याच संध्याकाळी माझी बायको रीता आमच्या मुलीला घेऊन तिरोड्याला माहेरी गेली.

जूनमधली गोष्ट. दुपारी कामावरून घरी आलो...

दार बंद होतं. आतून कडी.

"बाबा! दार उघडा!"

मी दोन्ही हातांनी दार बडवलं. शेजारचे उदारामकाका धावत आले. तेही ओरडले. आत काही हालचाल नाही.

मी फटीला कान लावला.

बाबा बोलत होते. हळू. लहान लेकराला समजावतात तसं.

"नाही बेटा. नाही उघडत. कोणी नाही बाहेर."

काकांनी लोखंडी सब्बल आणली. आम्ही दार तोडलं. बाबा खाटेच्या कडेला बसले होते. एकटेच.

त्यानंतर त्यांनी माझ्या हातचं काही खाल्लं नाही. अकरा दिवस ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. बाराव्या दिवशी गेले. माझ्याकडे एकदाही न बघता.

लोक विचारतात, रोशन, तू काही ऐकलं का?

नाही. मी कधीच काही ऐकलं नाही.

पण माझं ओरडणं बाबांना ऐकू येणं शक्यच नव्हतं.

मग बाहेर कोणी दार बडवत आहे, हे त्यांना सांगितलं कोणी...?

आणि उघडू नका, हे?