भिंतीची जाडी

ताईचा फोन आला तेव्हा मी जेवत होतो.

"अरे, तू खोलीचं माप चुकवलंस. नवं कपाट बसत नाहीये. थोडक्यात अडतंय."

मला हसू आलं. अठरा वर्षं इमारती उभ्या करतोय, मापात मी चुकत नाही. दोन वर्षांपूर्वी ताईने घर घेतलं तेव्हा मीच खोली मोजली होती. तीनशे वीस सेंटीमीटर. इमारतही माझ्याच देखरेखीखाली झालेली.

रविवारी दुपारी टेप घेऊन गेलो. तीनशे चौदा भरले. पुन्हा मोजलं, तेवढेच. भिंतीला तडा नव्हता, रंगाचा पोपडा सुटला नव्हता, एकही फरशी उचकटली नव्हती. फक्त भिंतीकडची कापलेली फरशी आधी अर्धी होती, तिची आता चिंचोळी पट्टी उरली होती.

"घर आटलं म्हणायचं, सुती सदऱ्यासारखं!" भावजी म्हणाले. ताई खळखळून हसली. मला मात्र ती भिंत कशी उभी केली होती ते आठवलं.

त्या इमारतीच्या भिंती कारखान्यातून तयार येत. क्रेनने एकीवर एक ठेवायच्या. खालच्या भिंतीच्या सळ्या वरच्या भिंतीतल्या नळ्यांत शिरतात, मग नळ्यांत पंपाने पातळ सिमेंट भरायचं. जोड काय तो तेवढाच. चौथ्या मजल्यावर पंप बिघडला. दुसरा यायला चार दिवस लागणार होते आणि साहेबांना दम नव्हता.

"नळ्यांची तोंडं लिंपून टाक. आत कोण बघायला जातंय?"

मी लिंपली. तपासणीच्या कागदावर सहीही केली. पुढे ताईने नेमकं चौथ्याच मजल्यावर घर घेतलं. "माझ्या भावाने बांधलंय," असं ती येईल त्याला सांगायची, आणि मी चहा पीत बसायचो.

त्या रविवारी पडद्यामागचं नळीचं एक तोंड खरवडून उघडलं आणि आत तार सारली. नळी जेमतेम हातभर खोल. तार दोन मीटर गेली. तीन मीटर गेली. मग दुसऱ्या टोकाला ती कुणीतरी धरली.

हिसका नव्हता. हातातला दोरा अलगद काढून घ्यावा तसं.

मी तार सोडली. ती सरसरत सगळी आत गेली.

"काय झालं रे? पांढराफटक पडलायस."

मी ताईला सगळं सांगितलं. ती भिंतीपासून मागे झाली.

"तुला हे कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्यापासून."

आठवड्याभरात त्यांनी घर सोडलं. जाताना भावजींनी किल्ली माझ्या हातात दिली. ताईने वळून पाहिलं नाही. ती अजूनही माझा फोन उचलत नाही.

साहेब म्हणाले, "तडा दाखव, मग बोलू. आणि सही तुझी आहे, विसरू नकोस." मी दारोदार फिरलो. आठ मजल्यांवर लोक राहत होते. माझं ऐकून त्यांनी दारं लावून घेतली.

ताईची खोली आकसली, म्हणजे भिंतीपलीकडची वाढली असणार, असा माझा हिशोब होता. पलीकडे निवृत्त शिक्षिका एकट्या राहतात. त्यांनी मला आत घेतलं. मी मोजलं.

त्यांचीही खोली सहा सेंटीमीटरने कमी होती.

भिंत सरकत नव्हती. जाड होत होती.

"बाई, इथून निघा."

"या वयात कुठे जाऊ? आणि कोण ठेवून घेणार मला?"

तेव्हापासून दर रविवारी मी दोन्हीकडून मोजतो. सोळा सेंटीमीटरची भिंत आधी अठ्ठावीसची झाली, मग पन्नासची. काल नव्वद भरली. अजून तडा नाही.

काल निघताना मी भिंतीला कान लावला आणि हातोडीने हलकेच ठोकलं.

उत्तर आलं नाही. फक्त आत कुणीतरी बाजूला सरकल्यासारखं वाटलं. मला जागा करून देत.