तक्रार शून्य

खाडीवरच्या नव्या पुलाखाली वत्सला घुगे खुर्ची टाकून बसल्या होत्या. ज्यानं पूल बांधला, त्यानं वजनचाचणीला पुलाखाली बसायचं, ही त्यांच्या खात्याची जुनी रीत. चौतीस वर्षांत त्या अकरा पुलांखाली बसल्या होत्या आणि डोक्यावर कबुतरांच्या कृपेखेरीज काहीही पडलं नव्हतं.

"मॅडम, मी कशाला खाली?" संगणकवाल्या निषाद टिपरेनं विचारलं.

"अर्धा पूल तुझा आहे. बस."

पूल चेतन-काँक्रीटचा होता. विजेचा संदेश मिळाला की त्याचे कण हवे तिथे घट्ट होत, नको तिथे सैल. कुठे किती, ते निषादची आज्ञावली ठरवी. या पुलासकट राज्यातल्या अशा चारशे बारा पुलांना अकराच्या ठोक्याला तिची नवी आवृत्ती मिळणार होती.

"तपासलीस किती वर्षं?"

"वर्षं? तुम्ही आधी तपासता, मग लोकांना देता. आम्ही आधी देतो. लोक बोंब मारतात, आम्ही दुपारपर्यंत दुरुस्त करतो. नव्या प्रतीला खर्च नाही, पोचायला एक सेकंद."

"चूकही सेकंदातच पोचत असेल."

"म्हणून तर सकाळी चारच पुलांवर टाकली. घाटातले आहेत, पुलांना आमची तार आहे, पण मोबाइलला रेंजसुद्धा नाही तिकडे. तक्रारी शून्य."

"त्यांवरून माणसं किती गेली?"

निषादनं मोबाइल पाहिला. "सव्वीस."

"पलीकडे किती पोचली?"

त्यानं बोट सरकवलं. पुन्हा सरकवलं. "शून्य. पहिल्या दिवशी लोक अर्ध्यात सोडतात, मॅडम. कंटाळतात."

"पुलाला?"

अकराला चार मिनिटं होती.

"थांबव," वत्सलाबाई म्हणाल्या.

"माझ्या हातात नाही. पण एक जरी तक्रार आली तरी सगळीकडची आपोआप मागे घेतली जाते." तो खुर्चीवरून उठला होता. "आपण आधी बाहेर तरी पडू या."

"आपण पडू. चारशे बारा पुलांवरच्यांचं काय? इकडे दे तो तक्रारीचा फॉर्म."

त्यांनी नाव घातलं, हुद्दा घातला. तपशिलाच्या रकान्यात सवयीनं 'महोदय' लिहून पुढे सगळं सविस्तर मांडलं, आणि बटण दाबलं. वर वाळूनं भरलेला पहिला ट्रक पुलावर चढल्याचा आवाज झाला.

पडद्यावर नम्र अक्षरं उमटली: 'कृपया पूल पार केल्यानंतर तक्रार नोंदवा.'